पत्ते नंतर बघू, आधी गल्ला कुणाच्या हातात?

प्रश्न : सर, मी सोलापूरचाच, जुळे सोलापुरात राहतो. वय २८. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. ऑनलाइन पोकर मी वेळ घालवायला खेळत नाही, अभ्यास करून खेळतो. ₹५/१० च्या सहा जणांच्या टेबलावर माझे ४०,००० डाव झालेत आणि रेक (डावात जमलेल्या रकमेतून साईट कापते तो वाटा) वजा जाऊन १०० डावांमागे ३ बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम, माझ्या टेबलावर ₹१०) एवढा नफा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा आला आणि आपल्याकडच्या साईट बंद झाल्या. आता टेलिग्रामवरून एका परदेशी साईटची लिंक आलीय. लायसन्स आहे, १०० टक्के बोनस आहे, टीडीएसही कापत नाहीत. मित्र म्हणतात, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, मग घाबरायचं कशाला? गंभीर खेळाडूने साईटची पारख कशी करायची? हँड हिस्टरीची (खेळलेल्या डावांच्या नोंदींची) फाइल आणि स्क्रीनशॉट जोडले आहेत.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुझी फाइल उघडून नीट बघितली. तारीख, टेबल, हातात आलेले दोन पत्ते, पॉट (डावात जमलेली रक्कम), रेक, सगळं आपापल्या रकान्यात आहे. पोकर खेळणारे पुष्कळ भेटतात, असा हिशोब ठेवणारा क्वचित. म्हणून तुझी बोळवण करणार नाही. आधी निकाल सांगतो : या साईटवर एक रुपयाही टाकू नकोस. आता कारणं, कारण तुझ्यासारख्याला नुसतं ‘नको’ म्हणून पटणार नाही, आणि पटूही नये.

साईट बघताना बहुतेक जण सॉफ्टवेअर, बोनस, टेबलांवरची गर्दी इथून सुरुवात करतात. मी गल्ल्यापासून करतो. माझे पैसे कुणाच्या खात्यात पडले आणि मागितल्यावर कुठून परत येणार? चाटी गल्लीतला जुना व्यापारी उधारीवर माल देताना समोरच्याच्या दुकानाची सजावट बघत नाही, त्याने मागची देणी कशी फेडली ते विचारतो. पोकर साईटवर पैसे ठेवणं ही उधारीच आहे. बॅलन्स म्हणून स्क्रीनवर दिसतो तो साईटने तुला देणं असलेला आकडा.

तुझे तीन स्क्रीनशॉट मी शेजारी शेजारी ठेवून बघितले. तिन्ही एकाच साईटच्या ‘पैसे भरा’ या पानाचे. पहिल्यात पैसे घेणारा कुठलासा ट्रेडर्स आहे, दुसऱ्यात एका बाईचं नाव, तिसऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. साईटचं स्वतःचं नाव एकाही ठिकाणी नाही. क्यूआर कोडखाली ‘दहा मिनिटांत भरा, नंतर हा यूपीआय चालणार नाही’ असं लिहिलंय. सरळ धंदा करणाऱ्या कंपनीला दर थोड्या वेळाने खातं बदलावं लागत नाही. ही भाड्याने घेतलेली खाती आहेत. त्यांत पोकरवाल्यांचे पैसे येतात तसे ऑनलाइन फसवणुकीचेही येतात, आणि तुझं विथड्रॉवल त्याच डबक्यातून येतं.

याचा अर्थ काय होतो ते माझ्या शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाने भोगलंय. अशाच एका ॲपवर जिंकलेले काही हजार त्याच्या पगाराच्या खात्यात जमा झाले. ते ज्या खात्यातून आले, त्याविरुद्ध दुसऱ्याच राज्यात कुणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केलेली होती. पैशाचा माग काढत पोलिसांचं पत्र इथल्या बँकेत आलं आणि खातं गोठलं. पगार आत अडकला, गाडीचा हप्ता परत गेला, घरभाडं उसनं काढून भरावं लागलं. ॲपच्या चॅटवर त्याला ‘कृपया वाट पहा’ एवढंच उत्तर मिळत राहिलं. बँकेने सांगितलं, त्या राज्यातल्या पोलिसांना लिहा. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. पण गुन्हा नाही म्हणजे त्रास नाही, असं तुझ्या मित्रांना वाटत असेल तर त्यांना हे ऐकव.

आता कायदा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात सरसकट बंद आहेत, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. बँका आणि पेमेंट कंपन्यांना अशा व्यवहारांना हात लावायला मनाई आहे. साईट परदेशातून चालते म्हणून सुटका नाही. भारतात खेळ देत असेल तर कायदा तिलाही लागू. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मित्र खरं सांगतात. सरकारने त्याला पीडित म्हटलंय. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयात वर्ग झाल्या, हेही तुला माहीत असेल. पण गंभीर खेळाडूने एक गोष्ट ओळखायला हवी. तुझ्याकडून पैसे घेणारी प्रत्येक परदेशी साईट आज या देशाचा कायदा मोडूनच घेते. उद्या तिने तुझे पैसे दिले नाहीत तर कुठल्या दारात उभा राहणार? ग्राहक आयोगात? आणि जे इथला कायदा राजरोस मोडतात ते तुझ्याशी केलेला करार पाळतील, हे कशावरून?

‘लायसन्स आहे’ या शब्दांवर तू बराच भरवसा ठेवलेला दिसतोस. फुल टिल्ट पोकरचं उदाहरण तुला ठाऊक असायलाच हवं. जगातल्या मोठ्या साईटपैकी एक, नावाजलेले खेळाडू तिचे चेहरे, लायसन्स ऑल्डर्नी या ब्रिटनजवळच्या बेटाच्या नियामकाचं. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर यांचे डोमेन जप्त केले. त्यानंतर हिशोब बाहेर आला. २०११ च्या मार्चअखेर फुल टिल्ट जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. खेळाडूंचे पैसे मालकांनी वाटून घेतले होते, खर्चून टाकले होते. स्क्रीनवरचा बॅलन्स मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पैसा न् पैसा बरोबर दिसत होता. ऑल्डर्नीने लायसन्स स्थगित केलं ते जूनच्या अखेरीस, सगळं उधळून झाल्यावर. पुढे २०१२ मध्ये पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून फुल टिल्ट घेतली म्हणून लोकांना पैसे मिळाले. अमेरिकेतल्या खेळाडूंना तर पहिला हप्ता हातात यायला २०१४ उजाडलं. २०१५ मध्ये लॉक पोकर बंद पडली, तेव्हा तिच्या खेळाडूंसाठी असं कुणीही धावून आलं नाही.

म्हणून लायसन्स आहे का, एवढं विचारून थांबू नकोस. खेळाडूंचे पैसे कंपनीच्या खर्चाच्या पैशांपासून वेगळे ठेवण्याची सक्ती त्या लायसन्सात आहे का, ते विचार. आइल ऑफ मॅन या बेटावर खेळाडूंच्या पैशांना संरक्षण द्यावंच लागतं. ब्रिटनमध्ये संरक्षण कुठल्या पातळीचं आहे ते साईटला स्पष्ट लिहावं लागतं. तुझ्या साईटच्या पानावर खाली एक शिक्का तेवढा आहे, आणि तो दाबून बघितला तर कुठेच जात नाही. नियामकाच्या स्वतःच्या यादीत जाऊन डोमेन शोधल्याशिवाय असा शिक्का खरा मानायचा नाही.

आता तुझ्या आवडीचा भाग : पत्ते नीट पिसले जातात का?

यासाठी तुझी फाइल सोन्यासारखी आहे. हातात जोडी येण्याची शक्यता १७ मध्ये १. म्हणजे ४०,००० डावांत २,३५३ जोड्या अपेक्षित आणि प्रमाणित विचलन (नशिबाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो ते) ४७. दोन विचलनं इकडे, दोन तिकडे धर : २,२५९ ते २,४४७ च्या दरम्यान आकडा आला तर तक्रारीला जागा नाही. तुझ्या फाइलमध्ये २,३३१ आहेत. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा, म्हणजे १८१ वेळा यायला हवी. तुला १७४ वेळा आली. ‘मला एक्के येतच नाहीत’ असं तू पत्रात पुढे लिहिलंयस ते मी छापलं नाही, कारण तुझीच फाइल ते खोडून काढते. बंद झालेल्या त्या साईटचं पत्ते वाटणं, निदान तुझ्या ४०,००० डावांपुरतं, स्वच्छ दिसतं. नव्या साईटचं काय, हे मात्र तुला कधीच कळणार नाही, कारण ती हँड हिस्टरी उतरवून घेऊ देत नाही. तू हे तळटीपेसारखं शेवटी लिहिलंयस. ते पहिल्या ओळीत हवं होतं. जी साईट तुझेच डाव तुला देत नाही तिथे गंभीर खेळाडूने बसायचंच नाही.

पत्ते पिसताना संगणक किती चुकू शकतो, याचं १९९९ मधलं एक प्रकरण मी वर्गात नेहमी सांगायचो. प्लॅनेट पोकर ही साईट ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत होती, त्या कंपनीने लोकांचा विश्वास बसावा म्हणून पत्ते पिसण्याची आपली पद्धत उघड प्रसिद्ध केली. सुरक्षेवर काम करणाऱ्या काही तज्ज्ञांनी ती वाचली. ५२ पत्त्यांचे क्रम आठाच्या पुढे ६७ शून्यं एवढे असतात. पण इथे पिसण्याचा क्रम ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून ठरायचा, तो घेतला जात होता मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून, आणि दिवसात मिलिसेकंद आहेत ८ कोटी ६४ लाखच. साईटच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवल्यावर उरले सुमारे दोन लाख क्रम. आपले दोन पत्ते आणि फ्लॉपचे (टेबलावर सगळ्यांसाठी आधी उघडलेले) तीन एवढे कळले की बाकी सगळ्यांच्या हातात काय आहे ते त्यांचा प्रोग्रॅम सांगत होता. तज्ज्ञांनी स्वतःच गाजावाजा केला म्हणून ते सुधारलं. आज आयटेक लॅब्ज, जीएलआय अशा प्रयोगशाळा पत्ते पिसण्याचा भाग तपासून प्रमाणपत्र देतात, आणि ते असावंच.

पण प्रमाणपत्र पत्ते पिसण्याचं असतं. पिसलेले पत्ते आत कोण बघतंय, हे त्यात येत नाही. ॲब्सोल्यूट पोकरवर २००७ मध्ये नेमकं तेच झालं. ‘पॉटरिपर’ नावाच्या खात्याने एक मोठी स्पर्धा जिंकली आणि शेवटच्या डावात रिव्हरवर (शेवटचा सामाईक पत्ता उघडल्यावर) समोरच्याची ऑल-इन, म्हणजे होते ते सगळे लावलेली बोली, नुसत्या दश्शीवर कॉल केली, म्हणजे तेवढेच लावून स्वीकारली. समोरच्याकडे नव्वीच होती. असा कॉल माणूस दोनच कारणांनी करतो : वेडा असतो किंवा समोरचे पत्ते त्याला दिसत असतात. दुसऱ्या नंबरच्या खेळाडूने डावांची फाइल मागितली, आणि साईटकडून चुकून सगळ्यांच्या हातातले पत्ते आणि आयपी ॲड्रेस (कोण कुठल्या इंटरनेट जोडणीवरून खेळतंय तो क्रमांक) असलेली पूर्ण फाइल त्याला गेली. खेळाडूंनी ती डाव-डाव करत वाचली आणि आतल्या माणसाचा चोरदरवाजा उघडा पडला. पुढच्याच वर्षी अल्टिमेट बेट या साईटवर तोच प्रकार निघाला. दोन्ही ठिकाणी चोरी पकडली ती तुझ्यासारख्या हिशोब ठेवणाऱ्या खेळाडूंनी. नियामक नंतर आला. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडूही नकोस. २०२३ च्या अखेरीस जीजीपोकर या साईटवर एका खात्याने सॉफ्टवेअरमधून झिरपणाऱ्या माहितीवरून आपली जिंकण्याची शक्यता काढल्याचं निघालं. तेही खेळाडूंनीच आधी हेरलं. तिथे साईटने जाहीर कबुली दिली, खातं बंद केलं, पैसे परत केले. चांगल्या साईटची हीच परीक्षा मी मानतो : फसवणूक कुठेही होते, उघडकीला आल्यावर साईट काय करते ते बघायचं. किती खाती बंद केली, कुणाला किती भरपाई दिली, हे जी साईट स्वतःहून सांगते तिला गुण. एकाच खोलीत बसून फोनवर पत्ते सांगणारे दोघं, रात्रभर न थकता बसणारे बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम), हे सगळं यात आलं. बॉट म्हणजे कच्चा खेळाडू, हा समज २०१९ नंतर तरी सोडायला हवा. त्या वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं.

रेककडे वळतो. तुझ्या फाइलमधल्या रेकच्या रकान्याची बेरीज केली तर ₹३२,००० च्या आसपास येते. तुझा नफा ₹१२,०००. म्हणजे टेबलावरच्या लोकांकडून तू १०० डावांमागे ११ बिग ब्लाइंड जिंकलास, त्यातले ८ साईटने घेतले आणि ३ तुला उरले. तुझ्या एका रुपयामागे साईटला अडीच रुपयांहून जास्त. नव्या साईटचा रेकही ५ टक्केच आहे, तू लिहितोस. पण वरची मर्यादा बघितलीस का? ₹३० ची मर्यादा असेल तर ₹२,००० च्या पॉटमधून ₹३० जातात. मर्यादा नसेल तर ₹१००, म्हणजे एका डावात दहा ब्लाइंड. त्यांच्या नियमांच्या पानावर मर्यादेचा उल्लेख मला सापडला नाही. १०० डावांमागे आणखी तीन ब्लाइंड रेकमध्ये गेले की तुझा नफा शून्य, आणि तुझा खेळ तोच, मेहनत तीच.

बोनसचं गणित मी कागदावर मांडलं, तूही मांड. ₹१०,००० भरले की ₹१०,००० बोनस. अट : प्रत्येक ₹५०० रेकमागे ₹५० मोकळे होणार, मुदत ३० दिवस. पूर्ण बोनस सुटायला ₹१,००,००० रेक भरावा लागेल. तुझ्या टेबलावर १०० डावांत तू साधारण ₹८० रेक भरतोस. म्हणजे ३० दिवसांत सव्वा लाख डाव, रोज चार हजारांच्या वर. चार टेबलं एकदम लावून तासाला तीनशे-सव्वातीनशे डाव झाले, तरी रोज तेरा तास. तू कारखान्यात नोकरी करतोस. ज्याला ते १०० टक्के म्हणतात, ती खरं तर १० टक्के रेक परत देण्याची योजना आहे.

आता एक कडू गोष्ट, आणि ती तुझ्या भल्यासाठी. १०० डावांमागे ३ ब्लाइंड हा तुझा नफा अजून सिद्ध झालेला नाही. सहा जणांच्या टेबलावर १०० डावांचं प्रमाणित विचलन ९० ब्लाइंडच्या आगेमागे असतं. ४०,००० डाव म्हणजे शंभराचे ४०० गठ्ठे, ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून सरासरीतली चूक साडेचार ब्लाइंड. तुझा खरा नफा उणे ६ पासून अधिक १२ पर्यंत कुठेही असू शकतो. एक लाख डावांनंतरही चूक पावणेतीनच्या वरच राहते. तू वाईट खेळतोस असं मी म्हणत नाही. तुझ्या खेळात शिस्त दिसते, बटनावरून (शेवटी खेळायच्या जागेवरून) तू फार नेटका खेळतोस. पण या आकड्यावर नोकरी सोडण्याचा विचार पत्राच्या शेवटी डोकावतोय, तो इथेच थांबव.

टीडीएस कापत नाहीत, हा फायदा नव्हे. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर आपल्याकडे ३० टक्के कर आणि वर सेस, एका रुपयापासून. साईटने कापला नाही तर भरायची जबाबदारी तुझी. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. तू अकाउंट्समधला माणूस आहेस, विवरणपत्रात हे उत्पन्न कुठल्या खात्यातून आलं म्हणून दाखवणार? त्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या?

मग खेळायचंच नाही का? अभ्यास कर. तुझ्या ४०,००० डावांत अजून पुष्कळ शिल्लक आहे : मोठ्या ब्लाइंडच्या जागेवरून तू किती हरतोस ते वेगळं काढ, मला तिथे गळती दिसते. पैसे न लावता खेळायचे खेळ कायद्यात चालतात, पण फुकटच्या चिप्सवर समोरचा काहीही कॉल करतो, त्यातून हात बसत नाही, हे मान्य. गोव्यातल्या परवानाधारक कॅसिनोत समोरासमोर पोकर चालतं. तिथे तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे तुझ्या फाइलएवढे डाव व्हायला चौदाशे तास, वर प्रवास आणि राहणं. परवडणार नाही, आणि परवडत नाही हेच तुझ्या हौसेचं आजचं खरं मोल आहे. मित्रांनी त्या साईटवर आधीच पैसे भरले असतील तर त्यांना आज पूर्ण रक्कम काढायला सांग, अर्धी ठेवून नव्हे. आणि पगाराचं खातं देऊ नका म्हणावं.

प्रश्न : पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा? कोर्टाने नेमकं काय ठरवलंय?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितलं. पोकरबाबत उच्च न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं, मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी आणि पोकर दोन्ही कौशल्यात धरले. गणिताने विचाराल तर एक डाव नशिबाचा आणि लाख डाव कौशल्याचे. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे ऑल-इन झाली तरी शंभरातले अठरा वेळा हरतेच. २०२५ च्या कायद्याने मात्र हा वाद बाजूला ठेवलाय. पैसे लावले की खेळ कुठलाही असो, ऑनलाइन बंद.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये असतो. तिथे तो ऑनलाइन पोकर खेळतो आणि ‘तिकडे कायदेशीर आहे’ म्हणतो. यांना अजून सांगितलेलं नाही. मला त्यातलं काही कळत नाही. तो फसला तर नाही ना, हे मी त्याला कसं विचारू?
– एक आई, होटगी रोड

उत्तर : ताई, तो खोटं बोलत नाही. ब्रिटनमध्ये ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे. तिथल्या माणसाला खेळ देणाऱ्या साईटला, ती कुठूनही चालो, २०१४ पासून तिथल्या गॅम्बलिंग कमिशनचं लायसन्स लागतं. कमिशनची यादी सगळ्यांना बघायला खुली आहे. त्याने आपल्या साईटचं नाव त्या यादीत तुमच्यासमोर शोधून दाखवावं, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, त्याला विचारा, पैसे क्रेडिट कार्डाने भरतोस का? एप्रिल २०२० पासून तिथे जुगारासाठी क्रेडिट कार्ड वापरायला बंदी आहे. साईट क्रेडिट कार्ड घेत असेल तर ती लायसन्सवाली नाही, एवढं तुम्ही इथे होटगी रोडवर बसूनही ओळखू शकता. तिसरं, ‘कंपनी बुडाली तर तुझे पैसे सुरक्षित आहेत का’ हे साईटच्या नियमांत लिहिलेलं असतं. लायसन्स असूनही ‘संरक्षण नाही’ असं लिहिलेल्या साईट असतात. तिथे महिन्याच्या खर्चाहून जास्त रक्कम पडून राहू देऊ नये.

हे साईटबद्दल झालं. तुमच्या काळजीचं कारण बहुधा वेगळं आहे, आणि ते रास्त आहे. त्याला ‘किती जिंकलास’ विचारू नका, सगळे जिंकलेलंच सांगतात. ‘गेल्या वर्षीचा हिशोब दाखव’ म्हणा. भरलेले, काढलेले, तारखेनिशी. हिशोब असेल आणि त्याने तो न कुरकुरता दाखवला तर काळजी अर्धी करा. हिशोब नसेल, किंवा विचारल्यावर तो चिडला, तर तिथे गॅमस्टॉप नावाची मोफत सोय आहे. एकदा नाव नोंदवलं की ठरवलेल्या मुदतीसाठी लायसन्स असलेल्या सगळ्या साईट त्याला आत घेत नाहीत. मुदत आधी मोडता येत नाही. नोंदणी त्यालाच करावी लागते, तुम्हाला करता येणार नाही. म्हणून रागावून सुरुवात करू नका, आणि त्याच्या वडिलांना आता सांगा. अशी गोष्ट एकट्या आईने पोटात ठेवायची नसते.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला तो घरी येणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा इथून त्या साईटवर लॉगिन करू नको म्हणून निघण्याआधीच सांगा. तिकडची लायसन्सवाली साईटसुद्धा भारतातून खेळायला नियमाप्रमाणे चालत नाही, आणि परदेशातून उघडलेलं दिसलं की चौकशीसाठी खातं अडवून ठेवतात. निघण्यापूर्वी बॅलन्स काढून तिथल्या बँकेत ठेवला की प्रश्नच उरत नाही.